दार घरच्यांसाठीही उघडं हवं

महोदय,

माझे यजमान सतरा वर्षं फौजेत होते, त्यातली पाच काश्मीरमध्ये. २०१४ मध्ये पेन्शनवर आले. तेव्हापासून ते शेतावर लागोपाठ दोन दिवस एकाच वाटेने गेलेले नाहीत. गस्तीची सवय. पंगतीत पाठीशी भिंत नसेल तर जेवत नाहीत. रात्री तीनदा उठून कड्या बघतात. सासूबाईंनी देवऋषी केला, कोंबडं गेलं. ‘पीटीएसडी’, म्हणजे भयंकर प्रसंगांनंतर मनावर राहणारा ताणाचा आजार, हा शब्द मी ऐकला २०२३ मध्ये, ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर. घर दोन खोल्यांचं, म्हणून दळणाचा डबा घेऊन निघाले आणि गिरणीमागे उभी राहून बोलले.

सोय अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवलाय. पण पहिलं पाऊल रुग्णानेच टाकायचं, आणि फौजी म्हणतो, ‘मी काय वेडा आहे?’ हे बीपीच्या गोळ्या आणायला त्या कार्डावर दवाखान्यात नेमाने जायचे. झोपेचं तिथं कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. शेवटी यांच्याच पलटणीतले एक सुभेदार सोबत आले, तपासणी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. तोवर दहा वर्षं गेली होती.

आता चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना पेन्शन नाही, हे कार्डही नाही. ती पोरं कुठं जाणार?

सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. तेव्हा विधिमंडळाने याचा कायदाच करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, दाखल्यासाठी आम्ही जातोच. तिथंच आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवावा, जोडीला एक माजी सैनिक. पेन्शनची अट नको. पाटीवर ‘मानसिक’ हा शब्दही नको. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तरी आमच्याकडे माणूस जेवणावरून उठतो. आणि मुख्य म्हणजे बायकोला, आईला एकटीने येऊन विचारता यावं. तो यायला तयार नसला तरी रात्री कड्या वाजल्या की आम्ही काय करायचं, एवढं तरी कुणी सांगावं.

कृपया माझं नाव छापू नये. पेपर सकाळी पहिल्यांदा यांच्याच हातात पडतो.

– एका माजी सैनिकाची पत्नी, जि. सातारा