सोलापूरला रुजू होण्याआधी

डोंबिवली, २ डिसेंबर

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

बदलीची बातमी सांगताना तुझा आवाज अगदी पडला होता. "आई, सोलापूर गं. काय आहे तिथं?" एवढंच म्हणालास. बँकेनं पुणं-नाशिक दिलं असतं तर तू खूश झाला असतास, हे मला कळतं. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. तिथं काय आहे ते फोनवर सांगून होणार नाही, म्हणून लिहिते आहे.

माझं सगळं लहानपण तिथल्या साखर पेठेत गेलं. आमच्या भिंतीपलीकडे माग होते. पहाटे जाग यायची ती त्यांच्या खडखडाटानं, आणि माग बंद असले की कुणीतरी विचारायचंच, आज काय झालं म्हणून. त्या घरची अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली, माहेर तेलंगणातलं. नवरा मागावर आणि ती दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवायचं, कात्रीनं बेतायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड नखानं आत दाबायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. हे सगळं ती आमच्या आजीशी गप्पा मारताना करायची, हाताकडे न बघता. आजी मराठीत बोलायची, अक्का अर्धं तेलुगूत. समोरचे आप्पा कानडी बोलायचे आणि कोपऱ्यावरचे चाचा दखनी. भांडणं व्हायची ती नळावरच्या नंबरावरून, भाषेवरून कधी झालेली मला आठवत नाही. पुढे मुंबईकडे आल्यावर ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला लोकांनी इतक्यांदा विचारला की तेव्हा सोलापूरची किंमत कळली. तिथं जो राबतो तो सोलापूरकर. मला ते शहर आवडण्याचं पहिलं कारण हेच आहे.

१८७७ मध्ये ‘जुनी मिल’ नावाची कापडगिरणी उभी राहिली आणि तेव्हापासून माणसं पोटासाठी चारी दिशांनी येत राहिली. आता त्या गिरण्या बंद पडल्या. तुझे आजोबा गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. गिरणी बंद झाल्यावर त्यांचे जे हाल झाले ते मी पाहिलेत, तेव्हा सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण शहर बसून राहिलं नाही. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत मिळवली. सवड काढून एकदा तिकडे जा. सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला स्वतःचं दार मिळणं म्हणजे काय, हे मला अक्कामुळे ठाऊक आहे.

तू रुजू होशील आणि महिन्याभरात गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची जत्रा, येईल. संक्रांतीच्या दिवसांत सुट्टी टाकून इकडे पळून येऊ नकोस, त्यासाठीच हे आधी लिहिते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांनी लोकांच्या श्रमातून तळं खोदून घेतलं आणि नगरीभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा आहे. तेच लग्न दरवर्षी लागतं. बाराबंदी घातलेली माणसं सात नंदीध्वज घेऊन निघतात. एवढी उंच, सजवलेली काठी एकच माणूस कमरेच्या पट्ट्यात रोवून उभी पेलतो आणि चालतो! भोवतीचे हात सावरायला तयार असतात, पण भार त्या एकावर. काठी जराशी कलली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गर्दी श्वास धरते. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ असा जो गजर होतो, त्यात मराठी कोण आणि कानडी कोण हे शोधून सापडायचं नाही. तू खिशात तांदूळ घेऊन जा. मग संध्याकाळी होम मैदानावर पाळणे आणि खाण्याचे गाडे. नावं नको, तुझं तू शोध. धूळ आणि गर्दी असते, पण जा.

त्याच सुमाराला, १२ जानेवारीला, चार पुतळ्यांपाशी थोडा वेळ थांब. मे १९३० मध्ये इथल्या लोकांनी असा उठाव केला की इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं एकामागून एक मोठ्यानं वाच. साखर पेठेतल्या आमच्या गल्लीची हजेरी घेतल्यासारखं वाटतं मला.

आता खाण्याचं. शेंगा चटणी आपण इथं पाकिटातली आणतो, ती खाऊन मत बनवू नकोस. मामी अजून उखळात कुटते. दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटून तिचा गोळा व्हायला लागतो, तिथं थांबायचं. कडक भाकरी, घट्ट दही आणि ती चटणी, एवढ्यावर मी दुपार काढलेली आहे. ज्वारी मात्र मालदांडीच माग. आणि कुणी शेतावर हुरड्याला बोलावलं तर नाही म्हणू नकोस. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजतात, पोळत्या कणसाचे दाणे तळहातांवर चोळून, फुंकर मारून तुझ्या हातात देतात. ते गरम असतानाच खायचे. ताटात घेऊन गप्पा मारत बसलास तर वाया गेले.

घर बघताना पाण्याची टाकी आधी बघ, कारण नळाला रोज पाणी येत नाही. वरच्या मजल्यावरची, पत्र्याची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस, एप्रिलमध्ये रडशील. ऊन तिथलं खरोखर वाईट आहे. संध्याकाळी मात्र सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला फिरायला जात जा. एका अंगाला देऊळ, एका अंगाला भुईकोट किल्ला. इतक्या वर्षांत मला दुसरीकडे असं फिरायला आवडलेलं नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढ, रात्री निघून सकाळी पोचशील. मामा स्टेशनवर येणार आहे, रिक्षा करून परस्पर लॉजवर गेलास तर तो वर्षभर बोलणार नाही. पांघरूण इथून नेऊ नकोस. चादर तिथंच घे, जेकार्डची, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली, आणि मामाला बरोबर घेऊनच घे. सोलापुरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते, त्याला हात लावला की कळतं. दोन घे. एक आमच्यासाठी, गड्ड्याला आम्ही येतोय तेव्हा लागेलच.

तुझी,
आई