लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, घरगुती उपायांच्या सदरात, जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसण्याचा सल्ला छापून आला. सरसकट सगळ्याच ‘जुन्या रेकॉर्डीं’साठी. घात तिथेच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला जे पॉलिश लावतो, ते लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवूनच करतात.

आमच्या शेजारी हा उपाय करून झाला. बालगंधर्वांच्या नाट्यपदांची तबकडी, आजेसासऱ्यांच्या वेळेपासून जपलेली. कापूस काळा होऊ लागला तसे घरच्यांना वाटले, केवढा हा मळ! त्यांनी आणखी जोर लावला. तो मळ नव्हता हो, ती तबकडीच होती. आता तिच्यावर एक निस्तेज पट्टा उमटला आहे आणि सुई तिथे पोहोचली की नुसती खरखर ऐकू येते. हे नुकसान कशानेही भरून येणार नाही.

म्हणून आधी तबकडी ओळखावी. लाखेची जड आणि कडक असते, पडली तर फुटते. विनाइल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, हलकी, किंचित लवणारी. रेकॉर्डीच्या सालावर जाऊ नये. साठच्या दशकातही आपल्याकडे लाखेच्या ७८ निघत होत्या. काच पुसायचा अमोनियाचा स्प्रेही लाखेला चालत नाही, कारण अमोनियासारख्या अल्कलीतही ती विरघळते.

आता पुसण्याविषयी. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. द्रावणाने मळ सुटतो हे खरे; पण ते पाणी खाचेतच वाळले तर मळ पुन्हा तळाशी बसतो. नळाचे पाणी असेल तर त्यातले क्षारही भरीला येतात. कापड खाचेच्या तळापर्यंत जातच नाही. मळ पाण्यात तरंगत असतानाच पाणी ओढून घ्यायला हवे, आणि रेकॉर्डी धुण्याचे व्हॅक्युमचे यंत्र नेमके हेच करते. फिरत्या तबकडीवर द्रावण पसरायचे, बारीक केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, मग मखमली कडांची नळी टेकवून सगळे ओढून घ्यायचे. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. मधला कागद कोरडाच राहिला पाहिजे. तबकडी कोरडी झाल्यावर नळी लगेच उचलावी, नाहीतर स्थिर वीज निर्माण होऊन धूळ परत चिकटते.

द्रावण म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि त्यात अगदी थेंबभर सौम्य, बिनवासाचे डिटर्जंट. एलपीसाठी त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेला अजिबात नाही. लाखेवर द्रावण रेंगाळूही देऊ नये. तडा गेलेली तबकडी तर ओलीच करू नये. आत दगडाची भुकटी भरलेली असते, तिच्यात तड्यातून पाणी मुरते.

आपल्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांच्या मारवा रागाची एलपी मी अशी धुतली. त्यांच्या अतिविलंबित गाण्यात दोन स्वरांमध्ये केवढी शांतता असते! त्या शांततेत धुळीचा एकेक कण टिचक्या मारत होता. धुतल्यावर तिथे फक्त तानपुरा राहिला. हे ऐकायला मिळावे म्हणून प्रत्येकाने महागडे यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. शहरातल्या एखाद्या मराठी ग्रंथालयाने एक यंत्र ठेवले, तर सगळ्यांची सोय होईल.

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. माळ्यावरच्या ट्रंका आता खाली उतरतील आणि पुरवणीतला तो सल्ला पुष्कळांनी कापून ठेवला असेल. तेव्हा कृपया येत्या रविवारीच, त्याच सदरात, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर