बाई, तुमची वही माझ्याकडेच राहिली आहे

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते न उघडताच "राहू दे गं, चहा घे आधी" म्हणाला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आमच्या बेळगावच्या वडगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

पोरगा चौथीत असताना मी त्याला घेऊन तुमच्या दारात आले. त्याआधीची तीन वर्षं त्याला वाचता येत नाही हे कुणालाच कळलं नव्हतं. आम्हालाही नाही. त्याची अक्का घरात धडे मोठ्याने वाचायची, हा ऐकून पाठ करायचा. पुस्तक समोर धरून, पान उलटायच्या जागी बरोबर पान उलटून, घडाघडा म्हणायचा. चौथीत एका गुरुजींनी अनोळखी उतारा पुढ्यात ठेवला आणि सगळं उघडं पडलं. मग बाकावर उभं करणं झालं, पहिलीच्या पोरांत नेऊन बसवणं झालं, वर्गात त्याचं नाव 'ढ' पडलं. आणि घरी मी होते. फुटपट्टी घेऊन. "नीट बघून वाच" म्हणत मी त्याच्या पंजावर मारलंय, बाई. तो नीट बघतच होता, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्यापुढे पुस्तक ठेवलंच नाहीत. मागाच्या कांड्या भरता येतात का, तुटलेला धागा जोडता येतो का, असं विचारलंत. त्याचा चेहरा उजळला. मग म्हणालात, "कमळ म्हण." म्हणाला. "आता त्यातला क काढून टाक. काय राहिलं?" तो गप्प. त्याच्याहून लहान पोरांना खेळात येणारी गोष्ट, आणि माझा हुशार मुलगा छताकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने "मळ" म्हणाला आणि हसला. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत की अडचण डोळ्यांची नाही, आळसाची तर नाहीच. बोललेल्या शब्दाचे आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांना जोडणं, तिथे त्याची गाडी अडते. अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. तरीही डोळे आणि कान आधी तपासून आणायला लावलेत, ते बरं केलंत.

त्या वहीबद्दल लिहायचंच होतं. तारीख, समोरचा शब्द, त्याने काय वाचलं. घर – धर. पाऊस – पाटी. किती – कती. खाली तुमच्या बारीक अक्षरात: 'पहिलं अक्षर बघून अंदाज करतो.' 'पहिली वेलांटी सोडून देतो.' पुढे तुम्ही समजावलंत की ही वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडातून नंतर निघते, मग ज्याला आवाज जुळवायलाच कष्ट पडतात त्याने काय करावं? आम्ही सगळे रोज वाचतो, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. 'चूक' हा शब्द त्या सबंध वहीत एकदाही नाही. मी शोधला.

रोज वीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. घ पक्का होईपर्यंत ध दाखवायचाच नाही. मागावरचा वाया गेलेला धागा पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून तुम्ही अक्षरं केलीत, त्यावरून तो बोट फिरवायचा आणि आवाज काढायचा. ओळ हरवते म्हणून पुठ्ठ्याला एका ओळीची खिडकी कापून दिलीत. ती खिडकी अजून त्याच्या दप्तरात आहे, कडा पार मऊ पडल्या आहेत.

एका संध्याकाळी लाइट गेली. गल्लीतले सगळे माग थांबले. असं झालं की आमच्या भागात एकदम कानात काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटतं. आमचे हे त्याला घरी न्यायला आले आणि तुमच्या उंबऱ्याशीच उभे राहिले. आत मेणबत्तीच्या उजेडात तुम्ही दोघं एकदम वाचत होता, तो सरळ वाचायला लागला की तुम्ही आवाज बारीक करायचा, अडखळला की पुन्हा साथ द्यायचा. हे किती वेळ उभे होते कोण जाणे. घरी येऊन जेवले नाहीत. रात्री म्हणाले, "मलापण असंच व्हायचं. अक्षरं जागेवर राहायचीच नाहीत." चौथीत शाळा सोडलेला माणूस. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मला वाटायचं यांना शाळेची गोडी नव्हती. तुम्हाला विचारलं तेव्हा म्हणालात, हो, हे घराण्यातून येऊ शकतं. तेव्हापासून हे पोराला एकदाही रागावले नाहीत.

लोक सांगायचे, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वर कन्नड, तीन भाषांनी पोराचा गोंधळ उडालाय. सीमाभागात हे फार सहज बोललं जातं. तुम्ही ठाम होता की भाषांमुळे हे होत नाही. तो बाजारात कन्नड फाडफाड बोलतो, भाव करतो. अडतो तो लिपीत. मराठीत घ-ध, तसा कन्नडमध्ये व आणि म, शेपटीपुरते वेगळे. तपासणीला पाठवताना तुम्हीच सांगितलंत की मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. पोराला फक्त इंग्रजीत तोलू नका, असं चिठ्ठीत लिहिलंत. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात वाचनाची ही अडचण धरली आहे, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद आहे, हे आमच्यासारख्यांना कोण सांगणार होतं? भाषेच्या सवलतीचं मी लगेच विचारलं तेव्हा म्हणालात, "तो त्याचा हक्क आहे, पण घाई नको. कन्नड त्याला जन्मभर बोलायचंय, पेपरचं दहावीला बघू." मला ते पटलं.

तो आता सातवीत आहे. अजून हळू वाचतो. जोडाक्षर आलं की थांबतो, रफार असला तर दोनदा. बाई, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता की हा आजार नाही, त्यावर गोळी नाही, आणि तो सगळ्यांसारखा भराभर वाचेल असं वचन मी देत नाही. त्या खरेपणाचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. पण तो आता शाळेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणत नाही.

वहीची अर्धी पानं कोरी आहेत. आमच्या शेजारच्या मागावर काम करतात त्यांची मुलगी तिसरीत आहे. परवा आमच्याकडे पुस्तक धरून बसली होती. धडा सरळ म्हणत होती आणि बोट भलत्याच ओळीवर होतं. आमच्या पोराने ते माझ्याआधी बघितलं आणि मला खुणावलं. रविवारी सकाळी वही परत द्यायला येते. तिला बरोबर घेऊन येऊ का?

तुमची,
चौथ्या गल्लीतली, कांड्या भरणारी