मंत्रीसाहेब, महिन्याच्या गोळ्यांचं काय झालं?

माननीय मंत्रीसाहेब,
नमस्कार.

14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनाला, तुम्ही लालबागला आमच्या शिबिराला आला होतात. तिथे माझं बोट टोचलं, शुगर 286 आली. स्टेजवरून तुम्ही म्हणालात, आता डायबेटिसच्या पेशंटला दवाखान्यातून एकदम महिन्याच्या गोळ्या मिळतील. मी टाळ्या वाजवल्या साहेब, मनापासून. आज जानेवारी संपत आला, मिळतात त्या सातच दिवसांच्या, त्याही असल्या तर, नाहीतर सिस्टर चिठ्ठी हातात ठेवतात, बाहेरून घ्या.

मी पोळी-भाजीचे डबे देते. पहाटे साडेचारपासून सव्वाशे पोळ्या लाटते. दर आठवड्याला केसपेपरच्या लाईनीत उभं राहिलं की सकाळचे डबे बुडाले, 500-600 रुपये गेले. मग गोळ्या पुरवून खायच्या, दोनच्या जागी एक, आणि हे मी एकटी करत नाही, लाईनीतल्या निम्म्या बायका तरी करत असतील. वर डॉक्टर विचारणार, मावशी भात खाल्लात का. भात नाही खाल्ला हो, गोळीच नव्हती!

17 वर्षं झाली मला शुगर आहे. एवढ्या वर्षांत एकदाही कुणी माझे पाय बघितले नाहीत. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात, पाय बधिर होतो, हे मला डिसेंबरात कळलं, चपलेतला खिळा दिवसभर टोचत होता आणि मला पत्ताच नाही, संध्याकाळी लादीवरचे रक्ताचे ठसे बघून मुलगी किंचाळली. जखम चिघळली, उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. ऑपरेशननंतर तिथल्या डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला टेकवून विचारलं, इथे लागतंय का, इथे? दोन मिनिटांचं काम. हा दोरा आधी कुणी टेकवला असता तर मी रोज रात्री तळवे बघून झोपले असते, चपला झटकून घातल्या असत्या. माझं बोट वाचलं असतं साहेब.

आता इन्सुलिन चालू झालंय. आमचा फ्रीज बंद पडलाय, म्हणून बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये, दिवसातून दोनदा त्यांचं दार वाजवायचं, लाज वाटते. मुलीने वाचून दाखवलं, 14 नोव्हेंबर हा इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग डॉक्टरांचा वाढदिवस, आणि त्या लोकांनी 1923 साली पेटंट टोरांटोच्या विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, सगळ्यांना मिळावं म्हणून. त्याच दिवशी तुम्ही आम्हाला शब्द दिलात.

आयसीएमआर म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023च्या अभ्यासात देशात 10 कोटींवर डायबेटिसचे पेशंट आहेत. शिबिरात किती जणांची शुगर तपासली तो आकडा बॅनरवर लागतो, पण त्यातल्या किती जणांना वर्षभर गोळ्या मिळाल्या, किती जणांचे डोळे नि किडनी तपासली, ते कुठेच लागत नाही. हा आजार एका दिवसाचा नाही हो, मरेपर्यंतचा आहे, आणि तुमचं सगळं सरकार एका दिवसाचं काम करतं, फीत कापा, फोटो काढा, गाडीत बसा. डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास चाला. कुठे चालू? आमचा फूटपाथ गणपतीपासून खणून ठेवलाय, बधिर पायाने त्यावरून चालू?

महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी दवाखान्यातच करा, वर्षातून एकदा प्रत्येकाचे पाय आणि डोळे बघा. एवढंच मागतेय.

माझ्या गोळ्या सोमवारी संपतायत. मंगळवारी सकाळी मी लाईनीत असेन.

लालबागची एक पोळी-भाजीवाली