ताई, तुम्ही माझ्या घरच्यांना थांबायला शिकवलंत

दुखण्यानंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंना,
सप्रेम नमस्कार.

लकव्यानं उजवी बाजू गेली तेव्हा घरच्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सून घास भरवायची, हे ब्लाउजचे हूक लावायचे, मुलगा दंडाला धरून उठवायचा. मायेत काही कमी नव्हतं, पण माझ्या वाट्याला नुसतं बसणं आलं होतं. तुम्ही आलात आणि विचारलंत, "काकू, तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, "भाकरी."

मग तुम्ही ओट्यापाशीच ठाण मांडलंत. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. पीठ डाव्या हातानं मळायचं, पण उजवा परातीच्या काठावर हवाच. त्याला वगळायचं नाही. कांद्यासाठी लाकडी फळीला खालून स्टीलचे खिळे मारून घेतले. कांदा त्यावर रोवला की एका हातानं चिरता येतो. थापायला जमेना, तेव्हा प्लॅस्टिकच्या कागदात दाबून बघितलं. थापलेल्या भाकरीची सर तिला नाही, पण ती मी केलेली असते.

बाही आधी लुळ्या हातात घालायची, काढताना तो हात शेवटी. हुकांच्या जागी वेल्क्रो. एवढ्यानं माझी लाज राखली गेली. तुमच्या सांगण्यावरून चप्पल लाईनीत कोल्हापुरीला मागून पट्टा लावून घेतला, आता ती पायातून निसटत नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. लुळा हात ओढला तर खांदा निसटतो, हे तुम्ही मुलाला समजावलंत. सुनेला म्हणालात, "त्या अडल्या तरी थांबा. मागतील तेव्हाच हात लावा." मी बटणाशी झगडताना ती पदर तोंडाला लावून उभी राहायची. तिला ते किती जड गेलं, मला ठाऊक आहे. तुम्ही तिलाही धीर दिलात.

कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात तुमच्या विद्येचं शिक्षण सुरू केलं. तरी लोक अजून तुम्हाला मसाजवाल्या बाई म्हणतात. मला राग येतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं.

गल्लीतल्या एका भावजींचाही हात गेलाय. त्यांना अजून घरचेच भरवतात. त्यांच्याकडे याल का? मी सोबत येईन.

तुमची,
शिवाजी पेठेतली काकू