पॅकेजांची यादी मृगाआधीच काढा

संपादक महोदय,

जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी घरा-दुकानांत शिरले, ते कुणी विसरलेले नाही. संगणक भिजला तर नव्या डिस्कवर तेच प्रोग्राम पुन्हा घालता यावेत म्हणून कोकणातल्या ज्या शाळा-वाचनालयांच्या संगणकांवर डेबियन किंवा उबुंटू (लिनक्स प्रणाली) आहे, त्यांनी मृगाआधीच ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही हाताने घातलेल्या पॅकेजांची (म्हणजे प्रोग्रामांची) नावे दाखवणारी आज्ञा चालवून यादी पेनड्राइव्हवर घ्यावी. ‘डीपीकेजी’ या आज्ञेने मिळणारी सगळ्या पॅकेजांची पूर्ण यादी नको. तीत अवलंबी (दुसऱ्या पॅकेजांना लागतात म्हणून आपोआप आलेली) पॅकेजेही येतात, पुन्हा घालताना ती ‘हाताने घातलेली’ म्हणून नोंदली जातात आणि गरज नसलेली पॅकेजे काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञा त्यांना पुढे कधीच काढत नाही.

नव्या डिस्कवर आधी बाहेरच्या भांडारांच्या (जिथून पॅकेजे उतरवली जातात त्या ठिकाणांच्या) नोंदी आणि त्यांची खातरजमा करणाऱ्या चाव्या ठेवाव्यात, मग उपलब्ध पॅकेजांची माहिती ताजी करणारे ‘ॲप्ट अपडेट’ चालवावे. सगळी नावे पॅकेजे घालणाऱ्या एकाच ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ला देणे ही नेहमीची चूक, आवृत्ती बदलल्याने एक नाव जरी सापडले नाही तरी एकही पॅकेज बसत नाही. स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलमध्ये) यादी ओळीओळीने वाचणाऱ्या ‘व्हाइल रीड’ने एकेक नाव घ्यावे, प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’ म्हणणारे ‘-वाय’ लावावे, फसलेली नावे वेगळ्या फाइलमध्ये लिहावीत. ॲप्टचे इनपुट मात्र ‘/डेव्ह/नल’ या नेहमी रिकाम्या असणाऱ्या फाइलवरून द्यावे, नाहीतर उरलेली यादी तेच वाचून संपवू शकते.

मध्येच वीज गेली (पावसात ती जातेच) तर आधी अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण करणारे ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग तीच स्क्रिप्ट पुन्हा. यादीत फक्त नावे असतात. कागदपत्रे आणि सेटिंग यांची प्रत वेगळी घ्यावी लागते.

– एक वाचक, रत्नागिरी