वैजनाथ पंडितांस, मुक्काम कलकत्ता

पंडित वैजनाथ शर्मा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्राला दोनशे वर्षांचा उशीर झाला, तो पोटात घालावा. आभार विल्यम कॅरींच्या मराठीबद्दल मानायचे आहेत आणि ते आपल्याकडे निघतात.

नॉर्दम्प्टनशरचा हा जोडे शिवणारा बाप्टिस्ट १७९३ साली बंगालात उतरला. कंपनी सरकारला मिशनरी नकोसे होते, म्हणून काही वर्षं निळीच्या कारखान्यात गेली आणि १८०० मध्ये डेन्मार्कच्या अमलाखालच्या श्रीरामपुरात मिशनचा छापखाना सुरू झाला. पुढल्या वर्षी कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० रुपयांची शिक्षकी मिळाली आणि बंगाली-संस्कृतच्या मागोमाग मराठीही गळ्यात पडली. साहेबांनी महाराष्ट्र कधी पाहिला नाही. मग १८०५ चं मराठी व्याकरण आलं कुठून? कॉलेजात आपण मराठीचे पंडित, त्या आपल्या बैठकीतून. आपली मदत त्यांनी स्वतःच मान्य केली आहे.

ही मदत केवढी, ते बंगालीवरून मराठीत येणाऱ्यालाच कळतं. बंगालीत नामाला व्याकरणिक लिंग नाही. इथे मोठा घोडा, मोठी घोडी, मोठं घोडं. प्रत्यय लावायला जावं तर ‘घोडाला’ होत नाही, आधी सामान्यरूप ‘घोड्या’. आणि ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणताना खाणारा पुरुष असला तरी क्रियापद भाकरीच्या मागे जातं. बोलणारा समोर बसल्याशिवाय या गाठी सुटत नाहीत.

खरी अडचण मोडीची. कॅरींच्या १८१० च्या मराठी कोशात मराठी शब्द मोडीत छापले आहेत. मोडी ही बोरूची लिपी: आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, मात्र सुटा. शेजारच्या खिळ्याशी रेघ तंतोतंत जुळली नाही की ओळ तुटकी दिसते. शिवाय स्वर अक्षरात मुरतो, आकारच बदलतो, त्यामुळे वेगळा काना-मात्रा जोडून भागत नाही; स्वरासकट त्या अक्षराचा स्वतंत्र खिळा ओतावा लागतो. ह्रस्व-दीर्घाचा भेदही मोडी पाळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच! पत्रात संदर्भाने निभावतं. कोशात शब्द एकटा उभा असतो, तिथे अर्थ सांगायला माहितगार माणूसच हवा.

खिळ्यांचं श्रेय पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांचं. पोलादाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तापवून पाण्यात बुडवून ते कडक करायचं, हा ठसा; तो तांब्यात ठोकून मातृका म्हणजे साचा घ्यायचा, मग त्यात शिसं, कथील, अँटिमनी यांचा रस. नुसत्या नागरीलाच सुमारे ७०० ठसे लागायचे आणि त्यातले निम्मे झाले असताना पंचानन वारले.

११ मार्च १८१२ ला छापखान्याला लागलेल्या आगीत हे सगळंच जायचं. छापखाना सांभाळणाऱ्या वॉर्डसाहेबांनी खिडक्या बंद ठेवून वरून तासन् तास पाणी ओतलं, आग दबत आली होती, तेवढ्यात कुणीतरी खिडक्या उघडल्या. वारा शिरला आणि इमारत गेली. कागद, हस्तलिखितं, तयार खिळे संपले, पण ढिगाऱ्याखाली ठसे आणि मातृका शाबूत निघाल्या. वितळलेलाच धातू गोळा करून पुन्हा खिळे ओतले गेले, म्हणून तर आपली ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये तिथून बाहेर पडू शकले.

बायबलाच्या भाषांतराचं तेवढं कौतुक करता येत नाही. १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरच्या प्रतीवर भागवता आलं नाही, त्यांनी आपलं वेगळं भाषांतर केलं. तो दोष आम्ही आपल्या माथी मारत नाही. मराठी मुलुखापासून इतक्या दूर, एकदोन माणसांच्या कानावर भाषा तोलायची म्हणजे असं व्हायचंच.

कोशावर नाव कॅरींचं आहे, ते तसंच राहील. आम्ही उल्लेख करताना शेजारी आपलं लिहितो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
मोडी वाचणारे आणि अक्षरं जुळवणारे